लाल जर्सी आणि बडगीतले भरीत

जानेवारीच्या उत्तरार्धात, तापीकाठच्या वांग्यांना खरी गोडी चढलेली असते त्या दिवसांत, आमच्या क्रीडा मंडळाचे वार्षिक स्नेहसंमेलन भरते. स्थळ ठरलेले आहे : भुसावळहून तापीचा पूल ओलांडून यावलच्या रस्त्याला लागले की एका सभासदाचा केळीचा मळा येतो, तिथली विहिरीजवळची मोकळी जागा. सकाळी फुटबॉलचा सामना, दुपारी भरीत आणि कळण्याची भाकरी, आणि जेवणानंतर चिंचेच्या सावलीत सतरंजी अंथरून मुंबईच्या महिंद्रा युनायटेड या फुटबॉल संघाच्या 2006 सालच्या विजेतेपदाची चर्चा, हा क्रम गेल्या अठरा-एकोणीस वर्षांत एकदाही बदललेला नाही. मंडळाचा चिटणीस या नात्याने इतिवृत्ताची वही माझ्याकडे असते आणि त्या वहीत दर वर्षीच्या शेवटच्या ओळीत मी एकच वाक्य लिहीत आलो आहे : ‘विषयावर एकमत झाले नाही, पुढील वर्षी चर्चेस घ्यावा.’

खानदेशातल्या माणसांना मुंबईच्या फुटबॉल संघाचे एवढे वेड का, असे नव्याने येणारे जावई हमखास विचारतात. भुसावळ हे रेल्वेचे गाव आहे आणि आमच्या क्वार्टर्सच्या मैदानावर क्रिकेटइतकाच फुटबॉलही खेळला जात असे. शेजारी बंगाली कुटुंबे होती. त्यांच्या घरी मोहन बागान की ईस्ट बंगाल या प्रश्नावर बाप-लेकांत आठवडाभर अबोला धरला जाई. आम्हा मराठी मुलांना त्या भांडणाचा हेवा वाटे, कारण आमच्याकडे भांडायला स्वतःचा संघच नव्हता. 1996-97 मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली, पहिले विजेतेपद पंजाबच्या जेसीटीने नेले, आणि त्यानंतर करंडक कधी कोलकात्याला तर कधी गोव्याला जात राहिला. महाराष्ट्राकडे तो एकदाही वळला नव्हता.

महिंद्राशी आमचे नाते मात्र फुटबॉलच्या आधीचे होते. ज्या काळात एस.टी. दिवसातून दोनदा येत असे, त्या काळात यावल, रावेर, चोपड्याच्या खेड्यांतून माणसे, केळीचे घड, बाजाराच्या टोपल्या आणि एखादी शेळीसुद्धा जीपमधूनच भुसावळला येत असे, आणि त्या जीपच्या तोंडावर जे नाव असे तेच नाव मुंबईच्या या संघाचे होते. संघाला क्रीडा पत्रकार ‘जीपमेन’ म्हणत. आमच्याकडे ते सरळ ‘जीपवाले’ झाले. कंपनीने 1962 मध्ये काढलेला हा संघ पुढे महिंद्रा युनायटेड या नावाने खेळू लागला. आमच्यातले एक नाना मूळचे अमळनेरचे, अहिराणी बोलणारे. आघाडीवीर चेंडू घेऊन मोकळ्या जागेत धावू लागला की ते उठून उभे राहत आणि ओरडत, ‘गाडी सुटनी रे भो!’ ही आरोळी आता आमच्या संमेलनाची अधिकृत घोषणा आहे, आणि लेवा बोलीतल्या घरांतली मुलेही ती अहिराणीतच देतात.

2005-06 चा तो हंगाम. प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा. आघाडीला ब्राझीलचा जोसे रामिरेझ बारेतो आणि घानाचा युसिफ याकुबू, उजव्या बगलेवर मुंबईचा स्टीव्हन डायस. त्याच हंगामात संघाने फेडरेशन चषक जिंकला आणि पाठोपाठ राष्ट्रीय लीगही. महाराष्ट्रातला संघ राष्ट्रीय लीगचा विजेता झाल्याची ती पहिलीच वेळ. ती एकमेव वेळही ठरली, कारण पुढच्याच हंगामानंतर ती लीग बंद होऊन तिच्या जागी आय-लीग आली.

आमचा मूळ वाद इथेच सुरू होतो. बहुसंख्य सभासदांच्या मते ते विजेतेपद बारेतोचे. बारेतो आमच्याकडे जेमतेम एक हंगाम राहिला, 2006 मध्ये तो मोहन बागानकडे परतला, आणि कोलकात्यात तर त्याची आधीपासूनच पूजा होत होती. तरीही आमच्या मळ्यात दर वर्षी सर्वांत जास्त वेळ बोलले जाते ते त्याच्याविषयीच. मला हे कधीच पटले नाही. पाहुणा कितीही मोठा असला तरी घर चालवतो तो घरातला माणूस, आणि वर्षानुवर्षे तीच लाल जर्सी घालून बगलेवरून धावणाऱ्या डायसला त्याच्या वाट्याचे श्रेय आमच्या सतरंजीवर मिळत नाही, हे मी वहीत तीन वेळा नोंदवले आहे. तिन्ही वेळा अध्यक्ष आबांनी ‘चिटणिसांचे वैयक्तिक मत’ असा शेरा स्वतःच्या हाताने समासात लिहिला आहे.

त्या हंगामात आम्ही सातजण रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलो होतो. साडेचारशे किलोमीटरच्या प्रवासात रेल्वेचे पास असलेले पाच आणि तिकीट काढलेले दोन, अशी विभागणी होती आणि त्या दोघांना चहाचे पैसे द्यावे लागणार नाहीत असा ठराव मनमाडच्या आधीच झाला होता. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर उतरून, ओव्हल मैदानाच्या कडेकडेने चालत आम्ही कूपरेजला पोहोचलो. भुसावळच्या मुलाला मुंबईतले स्टेडियम म्हणजे वानखेडेसारखे काहीतरी अवाढव्य असेल असे वाटे. प्रत्यक्षात कूपरेज इतके लहान आणि जवळचे होते की पहिल्या रांगेत बसले की खेळाडूंचा श्वास आणि त्यांच्या आपसातल्या कानउघाडण्या स्पष्ट ऐकू येत. 1891 मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाच्या कथा आम्ही थोरांकडून ऐकल्या होत्या. तो चषक ज्या मैदानाने वर्षानुवर्षे पाहिला तिथे आपण भाकरी-ठेच्याची पुरचुंडी सोडून बसलो आहोत, याचा त्या दिवशी आम्हाला सामन्याइतकाच आनंद झाला होता.

त्या प्रवासाची आठवण सांगताना आबा दर वर्षी न चुकता म्हणतात, की त्या दिवशी धो धो पाऊस पडत होता आणि आपण सगळे चिंब भिजलो. पहिली काही वर्षे आम्हीही माना डोलावल्या. मग कोणीतरी हिशेब मांडला, की ती लीग पावसाळ्याच्या आधीच संपली होती, तेव्हा भिजण्याचा प्रश्न येतोच कुठे? आबा क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, ‘मग घाम असेल. पण भिजलो होतो, एवढे नक्की.’ मुंबईचा उन्हाळा भुसावळपेक्षा सौम्य असतो असे मानणाऱ्यांनी हे उत्तर लक्षात ठेवावे. आमच्या गावचे ऊन माणसाला भाजते, मुंबईचे त्याला उकडते.

संमेलनातल्या सामन्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मंडळाने 2007 मध्ये स्थानिक शिंप्याकडून अकरा लाल जर्सी शिवून घेतल्या, त्या आजही पत्र्याच्या पेटीत आहेत, आणि आता त्या मूळ मालकांच्या पोटावर न बसता त्यांच्या मुलांच्या अंगावर बसतात. लाल संघ हरला तर गोल मोजण्यात चूक झाल्याचे जाहीर करण्याची प्रथा आहे. खरी मेहनत दुसरीकडे चाललेली असते. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर हिरवी, लांबट वांगी सालीसकट भाजली जातात, साल सोलून लाकडी बडगीत ती मिरची-लसणाबरोबर ठेचली जातात, वरून कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेलाची फोडणी पडते, आणि केळीच्या पानावर ते भरीत आले की बारेतो-डायस वाद अर्धा तास आपोआप स्थगित होतो. वांगी सालीसकट जाळावर न भाजता गॅसवर भाजण्याची सूचना एका वर्षी आली होती. ती एकमताने फेटाळली गेली. आमच्या वहीतला एकमताचा तो एकच ठराव.

2010 साली महिंद्राने आपला व्यावसायिक संघ बंद केला आणि शालेय फुटबॉलकडे वळण्याचे ठरवले. त्याआधी 2007 मध्ये आशियाई पातळीवरच्या एएफसी चषकात संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला होता, 2008 मध्ये त्याने ड्युरँड चषक जिंकला होता; म्हणजे संघ काही रखडत चालला नव्हता. पुढच्याच वर्षी पहिल्या लीगचा विजेता जेसीटीही बंद झाला. त्यानंतरच्या जानेवारीत मळ्यात फार कोणी बोलले नाही. संघच नाही तर संमेलन कशाला, असा प्रश्न एका तरुण सभासदाने मांडला, आणि नानांनी त्याला विचारले, ‘तुझे आजोबा नाहीत, म्हणून तू आडनाव टाकलेस का?’ वहीत मी एवढेच लिहिले, की स्नेहसंमेलन नेहमीप्रमाणे पार पडले.

आता जीपही फारशा दिसत नाहीत. मळ्यातल्या शेडमध्ये एक जुनी उभी आहे, तिचे इंजिन कधीच काढले गेले आहे, आणि तिच्या बॉनेटवर आम्ही जर्सींची पेटी ठेवतो.

2025 च्या ऑगस्टमध्ये खालिद जमील भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. ते महिंद्राकडून खेळलेले, आणि 2017 मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या संघाला आय-लीग जिंकून देणारे. बातमी आली त्याच संध्याकाळी आबांचा फोन आला. खालिद मोठा प्रशिक्षक होणार हे आपण 2007 च्या संमेलनात सांगितले होते, ते वहीत सापडते का पाहा, असे ते म्हणाले. मी वही उघडून पाहिली. 2007 च्या पानावर सामन्याचा निकाल आहे, वांग्यांचे वजन आहे, मिरच्या जास्त पडल्याची तक्रार आहे, खालिदविषयी एक अक्षर नाही. तसे मी आबांना सांगितले.

‘मग समासात पाहा,’ ते म्हणाले. ‘समासात मी लिहीत असतो.’