पाटील हे माझे आडनाव आहे

पाटील हे माझे पहिले नाव नसून आडनाव आहे, एवढी एक गोष्ट एका मोठ्या हॉटेल-साखळीला पटवून देण्यात माझे ४७ दिवस गेले. त्या साखळीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिच्या सदस्य-योजनेत वरच्या श्रेणीसाठी वर्षाला किती रात्रींचा मुक्काम लागतो तो आकडाही सांगत नाही, कारण जाणकार त्यावरूनच तिला ओळखतील. आता काम झाले आहे, आई-वडील मुंबईला राहूनही आले आहेत, तरी विषय निघाला की माझा आवाज अजून चढतो, असे घरचे म्हणतात.

माझा जिनिंग-प्रेसिंगच्या यंत्रांच्या सुट्या भागांचा व्यवसाय आहे. घर चाळीसगावला असले तरी गिऱ्हाइके अहमदाबाद-राजकोटपासून नागपूर-कोइमतूरपर्यंत पसरलेली आहेत, त्यामुळे वर्षातले दीड-दोन महिने हॉटेलांतच जातात. शक्यतो एकाच साखळीत उतरायचे, म्हणजे मुक्कामावर मिळणारे पॉइंट, जे देऊन पुढे खोली घेता येते, आणि श्रेणीसाठी मोजल्या जाणाऱ्या रात्री एका ठिकाणी साठतात, असा माझा शिरस्ता आहे. २० डिसेंबरला आई-वडिलांच्या लग्नाला ५० वर्षे होणार होती. गावात मंडप घालून पंगती उठवायला वडिलांनी साफ नकार दिला. आईला विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "माले खिडकीमाईन समुद्र देखना शे." साठवलेले पॉइंट खर्च करायला याहून चांगले निमित्त मिळणार नव्हते.

आईच्या मनात अर्थातच ताज होते. गेटवेसमोर उभे राहून काढलेला एक जुना फोटो आमच्या घरात आहे, त्यात आई-वडिलांच्या मागे ते १९०३ साली उघडलेले हॉटेल दिसते. परंतु ताजची सदस्य-योजना टाटांची स्वतःची आहे आणि माझे पॉइंट तिथे कवडीच्याही कामाचे नाहीत. वरळीला फोर सीझन्स आहे, तर त्या साखळीत पॉइंटची योजनाच नाही. सदस्य झालेल्या माणसाने आपली अर्धी निवड आधीच करून टाकलेली असते, हे त्या दिवशी मला नीट कळले. माझ्या साखळीची माझ्या ऐपतीत बसणारी दोन हॉटेले उरली, एक विमानतळाजवळचे आणि दुसरे दादरहून टॅक्सीने जवळ पडणारे, ज्याच्या वरच्या मजल्यांवरून समुद्र दिसतो.

विमानतळाजवळचे हॉटेल फोटोंत अधिक झगमगीत होते आणि पॉइंटही कमी मागत होते. पण आपल्याकडच्या माणसाने मुंबईचे हॉटेल फोटोंपेक्षा रेल्वेच्या वेळापत्रकावरून निवडावे. रात्रीची गाडी दादरला पहाटे उजाडण्यापूर्वी सोडते आणि मोठ्या हॉटेलांत खोली मिळते दुपारी तीनला. पंच्याहत्तरीच्या दोन माणसांना दहा तास लॉबीत बसवून ठेवण्याची कल्पनाही मला सहन होईना. वरच्या श्रेणीच्या सदस्याला दुपारी चारपर्यंत खोली ठेवता येते, लवकर खोली मिळणे मात्र हॉटेलच्या मर्जीवर असते. म्हणून जाताना सकाळची गाडी धरून दुपारी पोहोचायचे, येताना चारला खोली सोडून गाडीच्या वेळेपर्यंत वरच्या श्रेणीच्या सदस्यांसाठी असलेल्या लाउंजमध्ये बसायचे, असा बेत मी आखला. हा सगळा बेत त्या वरच्या श्रेणीवर उभा होता.

२४ ऑक्टोबरला रात्री आरक्षण करायला बसलो, तेव्हा खात्यात वर्षभराच्या फक्त ३१ रात्री आणि ७१,००० पॉइंट दिसले. माझ्या डायरीत ५३ रात्री होत्या. जुने ईमेल चाळल्यावर उलगडा झाला. राजकोटच्या हॉटेलात रिसेप्शनवरच्या मुलाने माझ्या व्हिजिटिंग कार्डावरून माझे दुसरेच खाते उघडून दिले होते. कार्डावर आपल्या पद्धतीप्रमाणे आडनाव आधी आहे. त्याने पहिल्या नावाच्या चौकटीत पाटील, मधल्या चौकटीत माझे नाव आणि आडनावाच्या चौकटीत वडिलांचे नाव भरले होते. उरलेल्या २२ रात्री आणि ४६,००० पॉइंट त्या खात्यात होते. साखळी पाहुण्याला आडनावाने संबोधते, त्यामुळे तिच्या लेखी उन्हाळाभर राजकोटला येऊन-जाऊन राहिलेले सद्गृहस्थ म्हणजे माझे वडील, ज्यांनी आयुष्यात लॉजच्या पलीकडे काही पाहिलेले नाही. २२ रात्रींबद्दल त्यांचे अभिनंदन करणारा ईमेल मी त्यांना वाचून दाखवला, तेव्हा ते मिस्कीलपणे म्हणाले की, बिल मात्र तूच भर.

दोन खाती एक करून घेणे हे पाच मिनिटांचे काम असेल, असे मला वाटले होते. हेल्पलाइनवर सांगण्यात आले की दोन्ही खात्यांवरील नाव अगदी सारखे असेल तरच ती जोडली जातात, म्हणून आधी नाव बदलण्याचा अर्ज करा. त्या अर्जात कारण निवडायला तीनच पर्याय होते: विवाह, घटस्फोट आणि कायदेशीर नामांतर. मी कायदेशीर नामांतर निवडले, आणि माझ्या मते सगळे घोडे इथेच पेंड खायला लागले. नामांतर म्हटले की जुने आणि नवे अशी दोन्ही नावे असलेला सरकारी कागद हवा. ज्या माणसाचे नाव बारशापासून एकच आहे, त्याने असा कागद कुठून आणायचा?

मी आधार कार्ड पाठवले. ७२ तासांनी उत्तर आले की यात एकच नाव आहे. मग दहावीची गुणपत्रिका शोधून काढली, कारण आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेले असते. आधारवर एक क्रम, गुणपत्रिकेवर दुसरा, म्हणजे दोन्ही नावे सिद्ध झाली, असा माझा युक्तिवाद होता. उत्तर आले की गुणपत्रिका हा ओळखीचा पुरावा धरला जात नाही. प्रत्येक उत्तराखाली निराळ्या व्यक्तीचे नाव असे, प्रत्येकाची सुरुवात "प्रिय पाटील" अशी असे, आणि आपली गैरसोय आम्ही समजू शकतो हे वाक्य न चुकता असे. फोन केला तर तीच धून वीस-वीस मिनिटे ऐकावी लागे. एकदा गाडी चालवताना ती मी गुणगुणत असल्याचे बायकोने दाखवून दिले.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या ओळखीच्या टंकलेखकाकडून प्रतिज्ञापत्र करून घेतले. पाचशे रुपयांचा मुद्रांक, खाली नोटरीचा गोल शिक्का, त्यावर तिकीट, आणि मजकूर असा की, उपरोक्त दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे. सातबाऱ्यावरची नावे या वाक्यावर सरळ होतात, हॉटेलवाल्यांची काय कथा, असे तो म्हणाला आणि मलाही ते पटले. पाच दिवसांनी कळवण्यात आले की कागद समर्थित भाषेत नाही. पुन्हा पाचशेचा मुद्रांक, पुन्हा नोटरी, या वेळी इंग्रजीत. त्यावर उत्तर आले की अर्ज ३० दिवसांहून जुना झाल्यामुळे आपोआप बंद करण्यात आला असून कृपया नवा अर्ज करावा. त्या रात्री मी जे उत्तर लिहिले ते बायकोने पाठवू दिले नाही, हे बरेच झाले.

मध्यंतरी एक शहाणपण मात्र मी केले होते, आणि ते आधीच सांगायला हवे होते. खाते सरळ होण्याची वाट न पाहता पहिल्याच रात्री मी ७१,००० मधून ५०,००० पॉइंट देऊन एक खोली दोन रात्रींसाठी घेतली आणि दुसरी खोली विनाशुल्क रद्द होणाऱ्या रोख भाड्यावर अडकवून ठेवली. डिसेंबरात मुंबईत पॉइंटवरच्या खोल्या झपाट्याने संपतात. भांडण करायचे असेल तर ते आरक्षण हातात ठेवून करावे.

सुटका झाली ती अहमदाबादला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कामानिमित्त त्याच साखळीच्या हॉटेलात उतरलो होतो, आणि रिसेप्शनवरच्या मुलीने सहज "सब ठीक है सर?" असे विचारले, तेव्हा माझा बांध फुटला. ती गुजराती होती. गुजरातेतही आडनाव आधी लिहिण्याची रीत असल्यामुळे तिला काहीच समजावून सांगावे लागले नाही. तिने विचारले, "पासपोर्ट है?" आधार कार्डावर नाव एकाच ओळीत असते आणि त्यातला कोणता शब्द आडनाव आहे हे कार्ड कुठेच सांगत नाही, पासपोर्टवर मात्र आडनाव आणि दिलेले नाव यांचे रकाने वेगळे असतात. परदेशात कुठेतरी बसून माझे कागद तपासणाऱ्या माणसाला नेमके हेच दिसायला हवे होते, आणि सहा आठवड्यांत एकानेही ते मला विचारले नव्हते. तिने आणखी एक गोष्ट सांगितली: हा नामांतराचा विषयच नाही, ही नोंदीतली चूक आहे, आणि चूक दुरुस्तीची विनंती हॉटेलकडून गेली की ती वेगळ्या टेबलावर जाते. पासपोर्ट घरी कपाटात होता. बायकोने मोबाइलवर त्याच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला, मुलीने तो जोडून दोन ओळींचा ईमेल केला. १० डिसेंबरला सकाळी दोन्ही खाती एक झाली, ५३ रात्री झाल्या आणि वरची श्रेणी लागली. पाचशे-पाचशेचे ते दोन मुद्रांक अजून माझ्या फायलीत आहेत.

३१ डिसेंबर उलटला असता तर मात्र सगळे मुसळ केरात गेले असते, कारण या योजनांत रात्रींची मोजणी १ जानेवारीला पुन्हा शून्यापासून सुरू होते. म्हणून दिवाळीच्या आधी एकदा आपल्या रात्री मोजून पाहाव्यात, आणि रिसेप्शनवर कोणी नवे सदस्यत्व देऊ लागला तर आपला जुना क्रमांक सांगावा. ओळखपत्र पाठवण्याची वेळ आलीच तर आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत पाठवावी. ती आधारच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. पहिल्यांदा मी घाईत सगळे अंक दिसणारी प्रत पाठवून बसलो. आणखी एक म्हणजे, स्वस्त मिळते म्हणून दुसऱ्या एखाद्या बुकिंग संकेतस्थळावरून खोली घेतली, तर बहुतेक साखळ्या त्या मुक्कामाचे पॉइंटही देत नाहीत आणि रात्रही मोजत नाहीत.

पॉइंट द्यावेत की पैसे, याचा हिशेब मी असा केला. दुसऱ्या खोलीचे एका रात्रीचे भाडे १४,००० रुपये दाखवत होते, पण ७,५०० रुपयांपेक्षा अधिक भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे प्रत्यक्षात १६,५२० रुपये. तीच खोली २५,००० पॉइंटला होती, म्हणजे एका पॉइंटचे ६६ पैसे सुटत होते. विमानतळाजवळच्या हॉटेलात ९,००० रुपयांची, करासह १०,६२० रुपयांची खोली २०,००० पॉइंटला होती, म्हणजे जेमतेम ५३ पैसे. कमी पॉइंट लागतात म्हणून ते हॉटेल घेतले असते तर मी धंद्यातला माणूस म्हणवून घ्यायला नालायक ठरलो असतो. खाती जुळताच रोखीची खोली रद्द करून तीही पॉइंटवर घेतली.

श्रेणी मिळाली म्हणजे सगळे मिळाले, असेही समजू नये. माझे साडू मॅरियट साखळीच्या योजनेत प्लॅटिनम श्रेणीचे आहेत, आणि रिट्झ-कार्लटन ही हॉटेलेही त्याच योजनेत येतात. तिथल्या क्लब लाउंजला मात्र श्रेणीच्या जोरावर प्रवेश मिळत नाही, हे त्यांना पुण्याच्या हॉटेलात दारापर्यंत गेल्यावर कळले. ज्या हॉटेलात जायचे त्याच्या नावावरचा नियम स्वतंत्रपणे वाचावा. शिवाय दोन खोल्या घेतल्या तरी सवलती एकाच खोलीला लागतात. मिळालेली वरच्या मजल्यावरची खोली मी आई-वडिलांना दिली आणि आम्ही दोघे गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसणाऱ्या खोलीत राहिलो.

पलंगावर आठ उश्या होत्या. "इतल्या उश्या कोणले लागतस?" असे म्हणत आईने त्यातल्या सहा खुर्चीवर रचल्या आणि मग पडदा सरकवून ती बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. टेबलावर फळांच्या ताटलीशेजारी हाताने लिहिलेले स्वागताचे कार्ड होते. मुख्य खाते सरळ झाले तरी हॉटेलच्या स्वतःच्या नोंदीत जुनेच नाव राहिले असावे, कारण कार्डावर वडिलांच्या नावामागे श्री. लावून, वारंवार येत असल्याबद्दल त्यांचे आभार मानलेले होते. वडिलांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि सदऱ्याच्या खिशात ठेवले. आता ते घरी गेटवेच्या फोटोच्या चौकटीत खोचलेले आहे. ही चूक मी साखळीला कळवलेली नाही.