पोटाले कोन सांगते?

स्मरणिकेसाठी आठवणी पाठवा असा मेसेज ग्रुपवर पडला तेव्हा खरं तर मी गोठ्यात होतो आणि हात शेणाने भरलेले होते, त्यामुळे उशीर झाला. चिंचेचं झाड, पीटीचा तास, पंधरा ऑगस्टची बुंदी यावर बाकीचे लिहितीलच. मी एका प्रश्नावर लिहितो.

नववीत आमच्या वर्गातल्या एका पोरानं (आता गावातच शेती करते, नाव टाकलं तर शिव्या देईल) विज्ञानाच्या सरांना विचारलं, "सर, हाताले मी म्हनलं त हलते, मंग पोटाले कोन सांगते?" वर्ग हसला, सर नाही हसले. म्हणाले आतड्याचे, रक्तवाहिन्यांचे, गर्भाशयाचे स्नायू वेगळे असतात, त्यांच्यावर पट्टे नसतात, ते आपल्या हुकमात नाहीत. आणि हुकूम कोणाचा हे आपल्या पुस्तकात नाही, "कोनी शिकलंच पुढं त मले येऊन सांगजा."

मी नागपूरला सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात गेलो. तिथं प्रॅक्टिकलला आतड्याचा बोटभर तुकडा कोमट टायरोड द्रावणात (म्हणजे शरीरातल्या रसासारखं क्षार अन् साखरेचं पाणी) टांगलेला, खालून हवेचे बुडबुडे, आणि तो तुकडा मेंदू नाही शरीर नाही तरी मजेत आकसतोय, सैल पडतोय. मग कॅल्शियम नसलेलं द्रावण टाकलं तर हळूहळू थंडावला, परत कॅल्शियम दिलं की सुरू. सिडनी रिंगर नावाच्या डॉक्टरला १८८३ मध्ये लंडनला बेडकाच्या हृदयात असंच दिसलं होतं, नळाच्या पाण्यात बनवलेल्या मिठाच्या द्रावणात हृदय चालायचं अन् डिस्टिल्ड पाण्यात बनवलेल्या द्रावणात बंद पडायचं, कारण नळाच्या पाण्यात कॅल्शियम. तोपर्यंत मला कॅल्शियम म्हणजे हाडं न् दात एवढंच माहीत.

नोकरीत तर हे रोजचंच झालं. जास्त दुधाची संकरित गाय व्याली की एकदम सगळं कॅल्शियम चिकात, दुधात जाते आणि गाय बसते, मान पोटाशी वळवते, कान थंड, शेण बंद, पोटाची हालचाल बंद. मिल्क फीवर म्हणतात पण ताप नसतोच. शिरेतून कॅल्शियम बोरोग्लुकोनेट सोडायचं, हळू, हृदयाचे ठोके ऐकत, आणि बऱ्याचदा बाटली चालू असतानाच ढेकर येते, शेण पडते. मालक म्हणतो डॉक्टरसाहेब जादू केली. जादू कसली.

आता सरांसाठी आतली गोष्ट. पेशीच्या बाहेर मोकळं कॅल्शियम आतल्यापेक्षा जवळपास १०,००० पट जास्त असते, शिवाय पेशीच्या आतही एक जाळीदार साठा असतो, सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम. बाहेरून किंवा या साठ्यातून कॅल्शियम पेशीत पसरलं की ते कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रोटीनला धरते, ही जोडी एका एन्झाइमला जागं करते, ते मायोसिन या ओढणाऱ्या प्रोटीनला फॉस्फेट लावते आणि स्नायू आकसतो. हातापायाच्या स्नायूत हे काम ट्रोपोनिन नावाचं दुसरं प्रोटीन करते आणि ते झटपट होते. पोटाचं सावकाश, पण फार कमी एनर्जीत तासन् तास टिकते. अडलेल्या गायीला ऑक्सिटोसिन दिलं की (वासराचं तोंड, पाय बघूनच द्यायचं, हे गाववाल्यांना किती वेळा सांगू) गर्भाशयाच्या पेशीत आयपीथ्री नावाचा निरोप्या तयार होतो, तो साठ्यातून कॅल्शियम सोडवतो. आयपीथ्रीचं हे काम १९८३ मध्ये मायकेल बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं.

इथवर सरळ आहे. मला झोप लागू न देणारी गोष्ट पुढची. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठाच्या मार्क नेल्सन यांच्या टीमनं दाखवलं की धमनीच्या स्नायूपेशीत त्याच साठ्यातून कधी कधी कॅल्शियमचा अगदी छोटासा स्पार्क उडतो, सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळ, पेशीच्या पडद्याला लागून, आणि त्यानं धमनी आकसत नाही तर उलट सैल पडते! कारण स्पार्कच्या जागी पडद्यात पोटॅशियमचे मोठे चॅनल (उघड-मीट होणारी दारं) असतात, ते उघडतात, पोटॅशियम बाहेर जाते, पेशी आतून जास्त निगेटिव्ह होते आणि बाहेरचं कॅल्शियम आत घेणारे चॅनल मिटतात. म्हणजे असं समजा की बातमी भोंग्यावर सांगितली त अख्खं गाव धावत येते, तीच बातमी एकट्या पोलीस पाटलाच्या कानात सांगितली त तो सगळ्यांना घरी पाठवते. बातमी एकच. किती कॅल्शियम यापेक्षा कुठं आणि कसं सुटलं याला जास्त भाव आहे. बीपीवाल्यांची अम्लोडिपिन ते बाहेरून आत घेणारे चॅनलच अडवते, गावात कितीतरी लोक रोज घेतात.

तर सर, पोटाले कोन सांगते? नसा सांगतात, हार्मोन सांगतात, ताण पडला की स्नायू स्वतःच स्वतःला सांगतो, पण सगळ्यांचा निरोप शेवटी बहुतेक वेळा कॅल्शियमच्याच हातून जातो. तुम्ही अमरावतीला राहता हे कळलं, दिवाळीत येतोच.

आणि आताच्या विज्ञानाच्या मॅडमना एक विनंती, प्रयोगशाळेत फिश टँकचा पंप आणि गरम पाण्याची सोय असेल त कळवा. बकरीचं ताजं आतडं अन् टायरोडची पावडर मी घेऊन येतो, नववीचे दोन तास सलग लागतील, शनिवार सोडून कोणताही दिवस चालते.