एवढ्या कापडाचं करणार काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा विषय मी होऊन काढत नाही, कारण काढला की कपाट उघडून दाखवावं लागतं आणि दाखवलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "अगं बाई, एवढ्या कापडाचं करणार काय?" नणंदेनं विचारून झालं, शेजारच्या अक्कांनी विचारून झालं, गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या पोरानंसुद्धा विचारलं. प्रश्न एकच, सूर वेगळा. नणंदेचा पैशाचा, अक्कांचा कष्टाचा आणि आमच्या ह्यांचा जागेचा, कारण दिवाणातला कप्पा मूळचा त्यांच्या फायलींचा होता.

मी गोधड्या शिवते. हातानं, धावदोऱ्यानं, जमिनीवर फतकल मारून. नोकरीत असताना रविवारी शिवायचे, आता रिटायर झाल्यावर दुपारी शिवते. आणि कापडाचं काय करणार, तर बऱ्याचशा कापडाचं काहीच नाही. ते घरात आहे, उघडून बघता येतं, हात फिरवता येतो, झालं. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. काहीतरी हिशेब लागतो लोकांना. तर घ्या.

आमच्याकडे कापड दोन वाटांनी जमलंय. एक आपोआप आलेलं, एक मी पैसे टाकून आणलेलं. आलेल्यात सासूबाईंची लुगडी, आईच्या इरकली, सासऱ्यांची धोतरं, मुलीचे लहानपणीचे फ्रॉक. आणि ब्लाउजपीस. हे ब्लाउजपीस प्रकरण तुमच्याही घरी असणार, उगाच साळसूद चेहरा करू नका. संक्रांतीचं हळदीकुंकू, डोहाळजेवण, वास्तुशांत, कुणाची तरी ओटी. एक पीस येतो, तो पिशवीत पडतो, पुढच्या ओटीत तो सरकवायचा. सोलापुरात ऐन संक्रांतीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत या पिसांची जी काही ये-जा चालते, ती पाहिली तर एखादा पीस पेठापेठांतून फिरून वर्षादोनवर्षांनी आपल्याच घरी येणार यात नवल नाही. कोपऱ्यावरच्या हळदीच्या डागावरून मी एकदा माझाच पीस ओळखला होता. देणारीला काही बोलले नाही. तो मात्र मी लगेच कापून गोधडीत घातला, म्हटलं बस झाला प्रवास.

म्हणजे कापड साठवणं हे काही माझं एकटीचं खूळ नाही. माझ्याकडे ते घडी घालून रंगवार लावलंय म्हणून दिसतं, तुमच्याकडे माळ्यावर पिशवीत कोंबलंय म्हणून दिसत नाही. तिकडे अमेरिकेत क्विल्ट, म्हणजे तिकडच्या गोधड्या, करणाऱ्या बायकांचं तर विचारूच नका. दुकानात 18 बाय 22 इंचांचे सुती तुकडे सुबक घड्या करून, मॅचिंगचे गठ्ठे बांधून विकायला ठेवलेले असतात. त्यांना 'फॅट क्वार्टर' म्हणतात. इतके गोंडस दिसतात की लागत नसले तरी घ्यावेसे वाटतात, दुकानदाराला तेच तर हवं असतं. साठ्याला तिथे 'स्टॅश' म्हणतात, आणि आयुष्य संपलं तरी संपणार नाही इतकं कापड साठलेल्या बाईसाठी त्यांच्यात एक वेगळा विनोदी शब्दसुद्धा आहे. आपल्यासारख्याच की हो सगळ्या.

आणलेल्या कापडाची तऱ्हा वेगळी. मधल्या मारुतीच्या बाजारात मी जाते कंगवे-बांगड्या नाहीतर फराळाच्या सामानासाठी आणि येताना पिशवीत पाऊण मीटर खण असतो. निळीत रंगवलेलं दाबू, अजरख, कलमकारी, नारायणपेठचा काठ असलेला कटपीस. असलं कापड घरी आणून, भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून मी कपाटात ठेवते आणि मग त्याला कात्री लावायला हात धजत नाही. अखंड असतं तोवर त्याची वाट्टेल ती गोधडी होऊ शकते. एकदा कापलं की ही एकच. मी त्याबद्दल स्वतःला बोल लावत नाही. एक मैत्रीण आहे, ती बिचारी फार मनाला लावून घेते. चातुर्मासात नवं कापड आणायचं नाही असा नेम धरते. दसऱ्यापर्यंत निभावतो. मग दिवाळीचे सेल लागतात आणि कार्तिकी एकादशी काही उजाडत नाही लवकर.

जुन्या कापडाचं हे दुखणं नसतं. ते आपणच सांगतं कुठे कापायचं. नऊवारी विरते ती बसण्याच्या जागी आणि कासोट्यात, तिथे उजेडात धरली की जाळी दिसते. काठ मात्र शाबूत. पदराचा आतला भाग बऱ्यापैकी. मग विरलेलं आतल्या थराला, काठ चारी बाजूंनी पट्टी म्हणून, पदराचे चौकोन मधोमध. ठरवायला काही उरतच नाही. सासूबाईंच्या एका अंजिरी लुगड्याचे काठ मी दोन गोधड्यांना लावले. पहिली गोधडी वापरून फाटली, तिचे काठ उसवून दुसरीला. ते कापड ज्यानं विणलं त्याला मी दंडवत घालते.

आता अक्कांचं. त्यांचा प्रश्न मला खरा बोचतो, कारण तो सोलापूरचा प्रश्न आहे. या गावात कापड ही हौसेची वस्तू नव्हेच. 1877 मध्ये 'जुनी मिल' ही कापडगिरणी सुरू झाली, मग लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जाम या गिरण्या. भोंग्यावर गाव उठायचं. गिरण्या बंद पडल्या तरी पूर्व भागात यंत्रमाग राहिले. चादर आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मागावर उभं राहणाऱ्याला ते चिकटवून पगार वाढत नाही. अक्का साखर पेठेतल्या पद्मशाली विणकर घरातल्या. नवरा मागावर, त्या घरी विड्या वळायच्या, नंतर युनिफॉर्मच्या कॉलर उलटवून देण्याचं काम नगावर आणायच्या. त्यांच्या लेखी कापड म्हणजे किती नग झाले आणि किती वाजले. मला तासन्‌तास टाके घालताना बघून त्या म्हणाल्या, "पैसे मिळंनात तर कशाला गं डोळे फोडून घ्यायलीस?"

यावर काय बोलणार? मी म्हटलं, "बसा की अक्का जरा." त्या बसल्या. आणि बसल्या बसल्या त्यांनी शेजारच्या ढिगातला एक तुकडा उचलला, चिमटीत धरून अंगठ्यानं चोळला आणि म्हणाल्या, "हे सुती न्हाई. ह्यात टेरी हाय." दुसरा उचलला. "हे पॉवरलूमचं. हे बघ, हे हातमागाचं, किनार बघ की." एकेक करत अर्धा ढीग त्यांनी लावून दिला. चहा निवला तरी लक्ष नाही. कापडाचा नाद मला एकटीलाच आहे असं त्यांचं म्हणणं, पण बोटं काही वेगळंच बोलत होती. हे मी त्यांना सांगितलं नाही, आवडलं नसतं. त्यानंतर त्या अधूनमधून येतात आणि मी नवीन काय आणलंय ते चोळून बघतात. प्रश्न तोच विचारतात.

टेरीकॉटचं, म्हणजे सुतात पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाचं, मात्र त्यांनी बरोब्बर ओळखलं होतं. तुमच्यापैकी ज्यांना शिवायला सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी हे जरा नीट सांगते. सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे कारखाने पुष्कळ, त्यांची कातरण किलोवर मिळते. नेव्ही ब्लू, मरून, राखाडी, चेक्स. स्वस्त, कोरं, रंग पक्का. मोह होतो. पण त्यात पॉलिएस्टर असतं. ओळखायचं कसं? दोन-चार धागे ओढा, पिळा, चिमट्यात धरा आणि मेणबत्तीला लावा. खाली ताटलीत पाणी ठेवा आणि अंगावर सिंथेटिक ओढणी नको. सुती धागा भुर्रकन पेटतो, कागद जळल्याचा वास येतो, मऊ राख होते, बोटात चुरली की जाते. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं आणि टोकाला काळी कडक गोळी राहते. मिश्र असेल तर थोडं हे, थोडं ते. ती गोळी लगेच हातात धरू नका, चटका बसतो.

मिश्र कापड वाईट असं नाही, पण सुतीबरोबर शिवलं की भांडण होतं. सुती धुण्यात आटतं, दुसरं हटून बसतं, आणि चार धुण्यांत गोधडीला फुगे आणि चुण्या येतात. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा 43-44 ला टेकतो, त्यात घाम न टिपणारं अंथरूण कुणाला हवंय? मी युनिफॉर्मची कातरण वेगळी ठेवते आणि तिच्या नुसत्या तिच्याच गोधड्या करते, ओसरीवर टाकायला, सहलीला न्यायला. दिसतात मात्र झकास. अलाबामातल्या जीज बेंड नावाच्या गावातल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या जगभर गाजल्या, 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये टांगल्या गेल्या. त्यातल्या कित्येक शेतात वापरून विटलेल्या पँटांच्या आणि शर्टांच्या होत्या. आणि 1970 च्या दशकात तिथल्या बायकांना एका मोठ्या कंपनीसाठी कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवायचं काम मिळालं, तेव्हा त्याची उरलेली कातरण गावातल्या गोधड्यांत गेली. कारखान्याची चिंधी ती तिथेही चिंधीच. फोटोत त्या गोधड्या पाहिल्या की मला आमची नेव्ही ब्लू पोती आठवतात.

मग गोधड्या का विकत नाहीस, हा जोडप्रश्न. कारण लोक मशीनवर टीप मारलेल्या गोधडीचा भाव सांगतात आणि वर विचारतात, "लाइट कलरमध्ये होईल का?" एकदा पैसे घेतले की ते विचारणं त्यांचा हक्क झाला. मला कुणाच्या पडद्यांना मॅचिंग शिवायचं नाही. पोट त्यावर असतं तर मुकाट्यानं शिवलं असतं, पेन्शन आहे म्हणून हा तोरा. तेवढं मला कळतं.

आणि हौसेतली मजा म्हणाल तर ती शिवण्यात आहेच, पण नुसत्या मांडामांडीतही आहे. चैत्रात गच्चीवर कुरडया पडतात तेव्हा मी घरात कापड काढते. सगळ्या घड्या उलगडायच्या, झटकायच्या, कसर लागली का बघायची, घडी दुसऱ्या जागी मोडायची, नाहीतर त्याच रेघेवर कापड कुजतं. उन्हात घालायचं नाही, रंग उडतो, पंख्याखाली पसरायचं. वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालायचा. या उद्योगात अख्खा दिवस जातो. खणाशेजारी चुकून धोतर पडतं आणि जोडी जमते, ती मनात टिपून ठेवायची. संध्याकाळपर्यंत सगळं परत कपाटात. टाका एक घातलेला नसतो. ह्यांच्या मते हा वेळेचा अपव्यय. मला विचाराल तर वर्षातला सगळ्यात चांगला दिवस.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल की हिच्याकडे कापड फार झालंय. तर मुद्दा असा की जे लागतं ते नेमकं माझ्याकडे नाही. गोधडीत दिसतं ते वरचं. तिची ऊब, तिचा मऊपणा सगळा आतल्या थरांत असतो, आणि तिथे नवं कापड चालत नाही. नव्यात खळ असते, चार-पाच पदरांतून सुई शिरत नाही, बोटाला अंगुस्तान घातलं तरी टोक मोडतं. तिथे पाहिजे शेकडो वेळा धुतलेलं, मऊसूत, फाटायला आलेलं सुती. ते पूर्वी प्रत्येक घरात ढिगानं असायचं. बायका रोज सुती नेसायच्या, रोज धुवायच्या, लुगडं विरलं की आतला थर तयार. आता नेसतो कोण? ज्या नेसतात त्या सिंथेटिक नेसतात, आणि ती साडी विरत नाही, नुसती कंटाळवाणी होते. सुती साड्या आहेत त्या लग्नाकार्यात एकदा मिरवून कव्हरमध्ये. सासूबाईंची लुगडी संपत आली, धोतरं तर संपलीच. माझ्याकडे वरच्या थरांची रास आहे आणि आतल्याला तुकडा तुकडा शोधते. दुकानात हे मिळत नाही, कितीही पैसे टाका. ते कुणीतरी वापरावंच लागतं.

एक जागा सापडली आहे: मॅक्सी. सुती मॅक्सी सोलापुरातली प्रत्येक बाई घालते, धुते, विटली तरी सोडत नाही, आणि शेवटी तिचं फडकं करते. ते फडकं करण्याआधीची स्थिती मला हवी आहे. तेव्हा पुढच्या वेळी कपाट बघायला याल तर रिकाम्या हातानं येऊ नका. जुन्या मॅक्सी आणा, सुती बघून, धुऊन. चेन आणि बटणं काढून आणलीत तर उत्तम, नाहीतर मी काढीन. ब्लाउजपीस आणू नका.