काट्यावरचे 20 किलो
आज रावेरला केळीच्या काट्यावर वजन लिहीत असताना व्यापाऱ्याने हळूच सांगितले, "प्रत्येक खेपेला 20 किलो कमी मांड," आणि समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडे न पाहता मी दोन खेपा तशाच मांडल्या. काम जाईल, एवढीच ती भीती होती (हंगामात दुसरे काम मिळतेच, हे तेव्हा सुचले नाही). बायबलमधल्या नीतिसूत्रे 29:25 मध्ये माणसाच्या भीतीला पाश म्हटले आहे. जेवताना येशूचा शिष्य पेत्र आठवला. मुख्य याजकाच्या वाड्यात शेकोटीपाशी एका दासीच्या बोलण्याला घाबरून ज्याने येशूला नाकारले, तोच पुढे यरुशलेमच्या न्यायसभेपुढे, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असे ठामपणे सांगत उभा राहिला (प्रेषितांची कृत्ये 5:29). त्याला धाडस आले, असे आपण सहज म्हणतो. मला वाटते, भीती त्याच्यात तेव्हाही असावी, फक्त आता ती देवाची होती. दुपारी वही उघडून दोन्ही आकडे खोडले, खरे वजन लिहिले आणि त्या शेतकरी दादांना 40 किलोंचा फरक माझ्याच हातून झाल्याचे सांगितले. व्यापारी काहीच बोलला नाही. उद्या कामावर बोलावणे येते का, ते पाहायचे.