पुंटोला तिचा मिस्त्री सापडला
माझ्या फियाट पुंटो गाडीतून आवाज येत होता. गेल्या आठवड्यात एका गॅरेजमध्ये सांगितलं, "टायमिंग बेल्ट (इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा पट्टा) बदलावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून रात्री झोप नाही. आज फक्त फियाटचंच काम करणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "साहेब, तुमच्या 1.3 मल्टिजेट डिझेल इंजिनाला बेल्टवर टायमिंग नसतंच, चेन असते. ऑइल तेवढं वेळच्या वेळी बदला." मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला ठिकठिकाणी टेकवून, मूठ कानाला लावून ऐकत राहिले. आवाज निघाला अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाच्या) बेअरिंगचा! हेच इंजिन डिझेल स्विफ्टलाही होतं, म्हणून इंजिनाचे बरेच पार्ट अजून मिळतात, हेही त्यांनीच सांगितलं. फियाटनं इथं गाड्या विकणं थांबवल्यापासूनची धास्ती आज उतरली. बाबांनी घेतलेली गाडी आहे हो, नाही विकायची मला.