तुम्ही विचारलंत म्हणून: एका फ्लॉपीला चार दिवस कशाला?

"यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह ऑनलाइन मिळतो की! तुम्हाला चार दिवस कशाला लागतात?" जुन्या कॉम्प्युटरच्या फ्लॉपींमधला मजकूर मी सोलापुरात काढून देतो, आणि फ्लॉपी घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो.

तो ड्राइव्ह साडेतीन इंची, डॉस-विंडोजवर भरलेली, धडधाकट फ्लॉपी वाचतो. बस्स. सव्वापाच इंची त्यात जातच नाही, आणि तिचा जुना ड्राइव्ह मिळाला तरी ३४ पिनांची केबल लावायची सोय आजच्या मदरबोर्डवर नसते. म्हणून मी ग्रीसविझल नावाचा बोर्ड वापरतो. तो फाइल शोधत बसत नाही, तबकडीवरचे चुंबकीय बदल आहेत तसे उतरवून घेतो. पुढची सगळी झटापट त्या नकलेवर. वेळ तिथं जातो, आणि हो, पैसे त्याचेच घेतो.

एमआयडीसीतले एक कारखानदार आले होते. वडिलांनी कॉम्प्युटरवर केलेली चादरींची डिझाइनं एकाच फ्लॉपीत होती. डिझाइनच्या मशीनची मांडणी वेगळी, विंडोजला ती कळेना. 'डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का?' असं स्क्रीनवर आलं आणि घरातल्या पोरानं 'येस' दाबलं. क्विक फॉरमॅट असता तर फाइलींची यादी गेली असती, आतला मजकूर बराचसा सापडला असता. हा पूर्ण होता, सगळं पुसून टाकणारा. मी पत्रा सरकवून पाहिलं: तपकिरी तबकडी लख्ख, एक ओरखडा नाही. उतरवून घेतली, तर पहिल्या ट्रॅकवर (तबकडीवरच्या पहिल्या वर्तुळावर) नवी रिकामी यादी, आणि बाकी सगळ्या ट्रॅकवर फॉरमॅट करताना रिकाम्या जागी भरतात तोच एक बाइट, एफ६, पुन्हा पुन्हा. ते शेजारी बसून स्क्रीन बघत होते. "काय तर निघंल की हो, एखादा मोर तरी." मी परत वाचून पाहिली. मोर नव्हता.

तेव्हापासून सांगत आलो, घरी लावूच नका. पण ते ऐकून लोक फ्लॉपी कपाटात ठेवतात, तिथं बुरशी धरते, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाते. मग वाटतं, निदान लावून बघा म्हणावं. साडेतीन इंचीच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी करा, म्हणजे ड्राइव्ह तिच्यावर लिहू शकत नाही. आणि फॉरमॅटचं विचारलं तर 'नो'. यातलं कुठलं सांगावं, माझं अजून ठरत नाही.

पत्र्याखाली पांढरे ठिपके दिसले, तर मात्र कुठल्याच ड्राइव्हमध्ये घालू नका. ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे तबकडी वाचणाऱ्या भागाला, घाण बसते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडते.