राणीचा गाल

दिवाळी चार दिवसांवर आली की पुण्याच्या पेठेतल्या कुठल्याही जिन्यात दुपारी चिंचेचा वास येतो. वरच्या मजल्यावर समया, निरांजनं, ताम्हनं घासणं चाललेलं असतं. समयांच्या मागोमाग, कुणाच्या लक्षात यायच्या आत, देवघरातल्या डबीतले पाच-सहा रुपयेही त्याच घमेल्यात उतरतात. लक्ष्मीपूजनाचे रुपये. दोन राणीछाप, दोन राजाछाप, एखादा टकलावर मुकुट नसलेला एडवर्ड. चिंचेने भागत नाही म्हणून टूथपेस्ट येते, टूथपेस्टही कमी पडली तर रांगोळी. घासणाऱ्या हाताला मोठं समाधान मिळतं. रुपया असा लखलखतो की जणू सकाळीच टांकसाळीतून सुटून आला.

आणि जाणत्या गिऱ्हाइकाच्या लेखी तो त्याच क्षणी मेलेला असतो.

चांदीवर जो काळपट, कधी निळसर-तपकिरी थर चढतो तो गंधकाचा. रबरातला, लोकरीतला, हवेतला गंधक चांदीला धरतो. आपण त्याला मळ म्हणतो. संग्राहक त्यालाच नाण्याची कातडी समजतो. छाप पडताना धातू साच्यात अतिशय बारीक रेषांनी पसरतो. नाणं दिव्याखाली तिरकं फिरवलं की त्या रेषांवरून उजेड गाडीच्या आऱ्यांसारखा फिरतो. रांगोळी नेमक्या त्या रेषा खरवडून नेते. उरते ती सगळीकडून सारखी, मुकी चकाकी, आणि भिंगाखाली केसांएवढे ओरखडे. लिलावाच्या सूचीत मग त्या नाण्यापुढे 'क्लीन्ड' एवढाच शब्द येतो. नाणं तपासून डबीबंद करून देणाऱ्या परदेशी संस्था तर त्याला दर्जाचा आकडाच देत नाहीत, 'डीटेल्स' लिहून मोकळ्या होतात.

पण त्या घमेल्याशी बसलेल्या आजीला हे कोण सांगणार? लक्ष्मीपूजनाच्या पाटावर काळं नाणं चालत नाही. हळद-कुंकवाची बोटं आधी राणीच्या कपाळाला लागतात, अक्षता तिच्या वेणीत अडकतात, आणि विक्टोरिया, जिने आयुष्यात हिंदुस्थान पाहिला नाही, ती लाह्या-बत्ताशांसमोर गंभीर चेहऱ्याने बसून राहते. मुलांना त्या ताटातलं एकच काम मिळतं: रुपया शहाबादी फरशीवर टाकून त्याचा नाद ऐकायचा. खणखणीत हा शब्द आपण पुढे भाषणांना आणि उत्तरांना लावतो, पण तो आधी तिथे शिकलेला असतो.

नाद ही खरी परीक्षा आहेच, फक्त नाणं फरशीवर टाकू नये. कडेला ठोका बसला की तोही किमतीतून वजा होतो. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने कडेला हलकं टिचकावं. ओतीव नकली नाणं ठक्क करतं, खरं लांब गुणगुणतं. पुढचा साक्षीदार काटा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. 1835 पासूनच्या चांदीच्या रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम. सोनाराच्या तोळ्याचा आकडा हाच, कारण रुपयाचं वजन आणि तोळा एकच ठरवलेले होते. चलनात झिजलेला रुपया थोडा हलका भरणारच. पण दहाच्या खाली गेला किंवा बाराच्या वर चढला तर हात आखडता घ्यावा. शंका उरलीच तर काट्यावर पाण्याचा पेला ठेवावा, आकडा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेला रुपया तळाला किंवा कडेला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवावा. 91.7 टक्के चांदीच्या पूर्ण वजनाच्या रुपयाला काटा 1.13 च्या आसपास दाखवतो. शिसं-जस्त भरलेल्या मालाला हा आकडा जमत नाही. हा हिशोब 1939 पर्यंतच्या रुपयांचा. 1940 पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, आणि 1947 चा वाघाचा रुपया निकेलचा. तो चुंबकाला चिकटतो, तरी खरा असतो.

सालांच्याही खोड्या आहेत. 1862 चा रुपया पाहून हरखून जाणारे दर रविवारी भेटतात. पण टांकसाळींनी 1874 पर्यंत तेच साल छापलं, त्यामुळे तो हवा तितका मिळतो. उलट 1911 चा पाचव्या जॉर्जचा रुपया. राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड दिसली की लोकांनी त्याला डुक्कर म्हटलं, बोभाटा झाला आणि 1912 ला हत्ती नीट कोरावा लागला. 1939 चा रुपया दुर्मिळ, म्हणून त्यातल्या 9 वर, तो कोरून बदललेला तर नाही ना हे बघायला, आधी भिंग, मग खिशात हात.

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी, फडक्यावर शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, मांडलेल्या असतात. एका अंगाला श्री, राजा, शिव अशा तीन ओळी, दुसऱ्याला छत्र, पति. साचा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून अक्षरं कडेला कापली जायची. सगळी अक्षरं अगदी मध्यावर, ठळक आणि गुळगुळीत असतील तर आनंदाच्या आधी संशय यावा. त्याच फडक्यावर 1818 सालचा, रामदरबाराचा, ईस्ट इंडिया कंपनीचा म्हणून 'एक आणा' असतो. असला आणा कंपनीने कधीच पाडला नाही. तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढतं म्हणून विकलं जाणारं नाणं त्याच्याच भावकीतलं. त्याचा भाव लाखांत सांगतात आणि गिऱ्हाईक सुशिक्षित असतं, हे विशेष.

घासायचं नाही, तर मग करायचं काय? बहुतेक वेळा काहीच नाही, आणि आपल्याला तेच सर्वांत अवघड जातं. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षं राहून नाण्यावर हिरवट चिकटा आला असेल तर मात्र शुद्ध अ‍ॅसिटोन. नखांचा रंग काढायचं रिमूव्हर नव्हे. त्यात तेल आणि वास मिसळलेला असतो. काचेच्या वाटीत दहा मिनिटं बुडवायचं, चोळायचं नाही, कडेने धरून उचलायचं, डिस्टिल्ड पाण्यातून काढून टिपकागदावर आपोआप सुकू द्यायचं. अ‍ॅसिटोन भडकतो, तेव्हा खिडकी उघडी हवी आणि निरांजन दुसऱ्या खोलीत. नंतर मायलारच्या, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात. सागवानी कपाटात, लोकरीच्या शालीखाली ठेवायची आपल्याकडची पद्धत नाण्याला विषासारखी. माळेत ओवलेल्या रुपयाला तर काही उपाय नाही. कडी कितीही सफाईने काढली तरी डाग दिलेली जागा भिंगाला दिसतेच.

लिलाव म्हटलं की अजूनही डोळ्यांसमोर येतो तो बैलबाजार. दोन माणसं उभी, हातांवर रुमाल, रुमालाखाली बोटांना बोटं, आणि भाव फक्त त्या दोघांना ठाऊक. नाण्यांच्या लिलावात याच्या अगदी उलटं: नंबराची पाटी वर करा, सगळ्या सभागृहाने बघा. म्हणून तिथे पैसा कमी आणि अब्रू जास्त बोली लावते. समोरचा दोनदा आपल्यावर चढला की तिसरी बोली नाण्यासाठी नसते. आधीच आकडा ठरवून सूचीच्या मागे लिहावा, आणि तो हातोड्याचा नव्हे, घरी येऊन पडेपर्यंतचा असावा. समजा हातोडा दहा हजारांवर पडला आणि लिलाव घराचं प्रीमियम वीस टक्के असेल, तर बारा झालेच. वर जीएसटी, कुरिअर, विमा. बोलीचे टप्पेही आधी वाचावेत. विकणाऱ्याने ठरवलेली राखीव किंमत गाठली नाही तर लॉट, म्हणजे लिलावातला तो नग, परत जातो, आणि लिलाव संपल्यावर तोच लॉट विचारला तर कधी कधी स्वस्तात सुटतो. सगळ्यांत महत्त्वाचं, पाहणीच्या दिवशी दहापट भिंग घेऊन जावं. फोटोतलं नाणं हे लग्नाच्या फोटोतल्या माणसासारखं असतं.

रुमाल हा शब्द इतिहासाच्या लोकांना वेगळाच ऐकू येतो. पेशवे दफ्तरातली कागदपत्रं रुमालात बांधलेली. अमुक रुमालातला कागद, असाच दाखला देतात. भारत इतिहास संशोधक मंडळात 1910 पासून असे कागद गोळा होत आले. तरी अजूनही कुणाच्या वाड्याचं काम निघालं की मोडी कागद रद्दीच्या काट्यावर चढतात. घेणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं: 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू, हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं पुरतात, आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. शेतात सापडलेला हंडा हा आणखी वेगळा विषय. 1878 चा कायदा, दहा रुपयांहून जास्त ऐवज असेल तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये.

पुस्तकांच्या लॉटमध्ये बोली लावण्याआधी पानं मोजायची. कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच कुणी करत नाही. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास, लंडन 1826, तीन खंड. घडीचा नकाशा सर्वांत आधी फाटून जातो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुण्याचा अठरावा खंड, 1885, तीन भागांत. नेहमी दोनच भाग येतात आणि तिसरा कुणीतरी कधीतरी वाचायला नेलेला असतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा, सुधारलेला 1857 चा, पण 1975 ला पुण्यातच 1857 ची पानं जशीच्या तशी पुन्हा छापली गेली. तेव्हा अक्षरांवर नव्हे, कागदावर बोट फिरवावं. वाचनालयाचा शिक्का असेल तर शेजारी 'बाद' असा दुसरा शिक्का हवा. नसेल तर ते पुस्तक अजून त्या वाचनालयाचंच आहे. सेलोटेपने चिकटवलेलं पान म्हणजे घासलेल्या नाण्याचा सख्खा भाऊ. टेप सुकून गळते, तिचा पिवळा डिंक कागदात कायमचा मुरतो. फाटक्या पानाला गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि जपानी टिश्यू, एवढंच द्यावं.

नारायण, शनिवार पेठांतून आलेल्या काही पुस्तकांवर खालून वर चढलेली तपकिरी लाट असते. 12 जुलै 1961. पानशेत धरण फुटलं तो दिवस. पानं वाळल्यावर नागमोडी झालेली, बांधणीत बारीक चिखल. सूचीत त्याला पाण्याचा डाग म्हणतात आणि भाव पाडतात. पुण्यातलं गिऱ्हाईक मात्र त्या लाटेची उंची बघतं आणि मनातल्या मनात मोजतं, कपाटाच्या कितव्या फळीपर्यंत पाणी आलं असेल. तो डाग काढायची हिंमत करणाऱ्याला बांधणीकार म्हणू नये.

पदकांकडे आपल्याकडे फार कुणी वळत नाही. खरं तर त्यांच्याइतकं बोलणारं काही नसतं. 1851 ला दिलेल्या आर्मी ऑफ इंडिया पदकाच्या पट्ट्या वाचल्या तर नकाशा आपल्याच घरचा: असई, आडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, कोरेगाव, सगळे साहेबी स्पेलिंगात. 1817 च्या लढाईचं पदक 1851 ला, तेही तेव्हा जिवंत असलेल्यांना. म्हणून ती इतकी थोडी, आणि म्हणून तिथे नक्कल इतकी जास्त. पहिल्या महायुद्धाचं चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल त्या मानाने सापडतं: 36 मिलिमीटर व्यास, मधे केशरी आणि कडांना निळा अशी रिबन. रिबन नवी चालते. बघायची ती कड. तिच्यावर नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते. जुनं नाव घासून नवं कोरलं असेल तर व्हर्नियर कॅलिपरमध्ये व्यास कमी भरतो आणि कड हाताला किंचित खोल लागते. पलटणीचं नावही तपासावं: पहिल्या युद्धात 103, 110, 117 अशा मराठा पलटणी. पाचवी मराठा लाइट इन्फंट्री हे नाव 1922 नंतरचं, ते 1914-18 च्या पदकावर असायचं कारण नाही.

110 वी पलटण मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुतच्या वेढ्यात होती. अन्न संपलं, 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली, आणि कैदेत गेलेले सगळे परतले नाहीत. त्यांची पदकं टपालाने घरी आली. वाईकडे, चिपळूणकडे, मावळात. खंडेनवमीला विळा, कोयता, पहार यांच्याबरोबर तीही पाटावर बसली, आणि पाटावर बसायच्या आधी चिंचेने घासली गेली. शंभर दसरे. गोल पदक घासताना बोट आपोआप कडेवरून फिरतं.

सूचीत अशा पदकापुढे चार शब्द लिहितात: नाव वाचता येत नाही. त्याच्या खाली अंदाजे किंमत, अडीच-तीन तोळे चांदीच्या जवळपास, आणि लॉट नंबर.